माझ्या अंगावरचा दीड तास

मित्रांनो, आधी मला त्या बानामवालीबद्दल बोलू द्या, माझी जन्मकथा मग सांगते. एखादी बाई एकतीस वर्षं तुमच्याच पायाशी स्टूल टाकून बसली, तुमच्याच सावलीत कणसं भाजू लागली, तुमच्याच खांबाला आपली छत्री टेकवू लागली, आणि वर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली की, "त्या पाटीचं ऐकू नका, ती खोटं बोलते," तर तुम्हाला कसं वाटेल? मी गावची मानाची पाटी. राजधानीहून आलेल्या बसमधून माणसं उतरली की माझ्याशेजारी उभी राहून फोटो काढायची. आणि ही बाई निखाऱ्यांवर पंखा हलवत माझ्या तोंडावर माझी बदनामी करायची. मला पाय असते तर मी केव्हाच उठून गेले असते. पण माझे दोन्ही पाय हातभर जमिनीत पुरलेले. ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

सोतबोंग डोंगरावर जाणारी वाट जिथे सुरू होते, तिथे मी उभी होते. नुरुपगोल गावातलं शेवटचं घर मागे पडतं, ओढ्यावरचा पूल येतो, आणि पूल ओलांडला की समोर मी. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. मला अक्षरं येतात ती माझ्या अंगावर कोरलेली तेवढीच. वर मोठ्या अक्षरांत डोंगराचं नाव. खाली, "शिखर: दीड तास." त्याखाली बारीक अक्षरांत, आग पेटवू नये आणि फांद्या तोडू नयेत. एवढ्या शिक्षणावर मी चौतीस वर्षं काढली, आणि चांगली काढली असं मला वाटायचं.

माझं लाकूड चेस्टनटचं. तुम्ही हसाल, पण यात मोठा मान आहे. प्यो घराण्याच्या देवघरात वाडवडिलांच्या नावाच्या ज्या उभ्या फळ्या आहेत, त्या चेस्टनटच्या असतात, दुसरं लाकूड तिथे चालत नाही. देवघरामागचा जुना वृक्ष वादळात पडला. त्याच्या मधल्या गाभ्यातून त्या वर्षी गेलेल्या दोन म्हाताऱ्यांच्या नावाच्या फळ्या झाल्या आणि उरलेल्या बुंध्यातून मी झाले. माझ्या सख्ख्या बहिणी आत देवघरात, धुपाच्या वासात. मी बाहेर, ऊन-पावसात. पण लाकूड एकच. त्या लाकडावर कुणी खोटं कोरत नाही, अशी गावाची समजूत.

मला घडवलं प्यो इल-बे सुताराने. अबोल माणूस. जेवायला बोलावलं तरी मानेनेच हो म्हणायचा. त्याची पटाशी मात्र फार गोड चालायची. अक्षरं कोरायच्या आधीचं मला काही आठवत नाही. आमच्यासारख्यांचे डोळे अक्षरांनीच उघडतात. त्यामुळे दीड तासाची गोष्ट मी पुढे ऐकून ऐकून पाठ केली. ती सांगायचा गावप्रमुख प्यो दोक-सू, बस आली की हमखास.

गोष्ट अशी. नदीपलीकडच्या दोराजी गावाने आपल्या डोंगरापाशी आदल्या वर्षी पाटी लावली होती. तिच्यावर लिहिलं होतं, शिखर दोन तास. दोराजीला बस जाऊ लागल्या. आमच्या गावाच्या पोटात दुखू लागलं. दोक-सू तेव्हा चौतीस वर्षांचा होता. पाठीवर लाकडाच्या मोळ्या लादून त्याने त्या वाटेवर आपलं तरुणपण घासलेलं. त्याने सगळ्या गावासमोर घड्याळ लावलं, पाठीवर मोळी बांधायची रिकामी लाकडी चौकट घेतली, आणि शिखरावर जाऊन निशाण हलवलं. एक तास अठ्ठावीस मिनिटं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"दीड लिहा," खाली आल्यावर तो म्हणाला. "दोन मिनिटं पाहुण्यांना सवलत."

इल-बेने दीड कोरलं. पुढच्या शरद ऋतूत दोराजीच्या निम्म्या बस आमच्याकडे वळल्या.

ती माझी भरभराटीची वर्षं होती. वर्षातली पहिली चढाई करायला गिरिभ्रमण मंडळं यायची, तेव्हा माझ्यापुढे डुकराचं शिजवलेलं मुंडकं मांडून डोंगरदेवाला नमस्कार करायची आणि भाताची पांढरी दारू माझ्या पायाशी ओतायची. प्रत्येक मंडळ आपल्या नावाची रंगीत फीत माझ्या खांबाला बांधून जायचं. पिवळ्या, लाल, निळ्या. वारा आला की मी लग्नघरासारखी दिसायचे. माणसं माझ्याकडे बघायची, "दीडच तास," असं म्हणायची आणि हसत निघायची. दुसऱ्याला खूश करण्यात किती सुख असतं, ते मला विचारा. त्या सुखात माणूस काय, फळीसुद्धा आंधळी होते.

तिसऱ्या हिवाळ्यात इल-बे गेला. झाड पाडताना अंगावर आलं. तो गेल्यानंतरच्या वसंतात त्याची बायको माझ्या पायाशी येऊन बसली. आमच्याकडे सासरी आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावाच्या नावाने हाक मारतात. ती बानाम गावची, म्हणून बानामवाली. तिचं खरं नाव गावात कुणाला सांगता येणार नाही, मलाही नाही.

तिने स्टूल टाकलं, निखारे पेटवले, कणसं मांडली, ओकच्या फळांच्या लिबलिबीत वड्या कापल्या, जवाचा चहा उकळत ठेवला. मला वाटलं, विधवा बाई आहे, पोटासाठी बसली असेल. बसू दे. मी सावली दिली. आणि पहिलाच माणूस आला, त्याने मला वाचलं, तोच ती म्हणाली, "ते वाचू नका. आधी बूट दाखवा."

बूट बघायची तिची सवय अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. ती तोंडाकडे बघायचीच नाही. बुटांचा तळ बघायची, मग गुडघे, मग पोट, मग घड्याळ.

"आजी, पाटीवर दीड तास लिहिलंय," एखादा म्हणायचा.

"तो आमच्या प्रमुखांचा दीड तास आहे. तुमचा किती, ते तुमच्या पोटाला विचारा."

"म्हणजे पोट मोठं आहे म्हणता?"

"मोठं नाही, सुखी आहे. सुखी पोटाला तीन तास लागतात. बारा वाजून गेलेत. झऱ्यापर्यंत जा, पाणी प्या, परत या. मी कणीस गरम ठेवते."

आणि माणूस ऐकायचा. हसत, कुरकुरत, पण ऐकायचा. झऱ्यावरून परत यायचा आणि कणीस खायचा. मी मनात म्हणायचे, बघा हिची लबाडी. लोकांना वर जाऊ देत नाही, कारण वर गेलेल्याला कणीस लागत नाही. माझं नाव खराब करून आपली चूल पेटवते. एकतीस वर्षं मी हे मनात घोळवत राहिले. तुम्ही मला शहाणी समजत असाल, तर इथेच थांबा.

प्रमुख येता-जाता तिला टोमणा मारायचा. तो तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान.

"वहिनी, तुमच्यामुळे माझ्या डोंगराची उंची वाढली म्हणे. लोक तीन तास सांगतात."

"उंची तेवढीच आहे, भावजी. तुमची फुगलेली छाती आत गेली की ती लोकांना दिसेल."

मग माझीही वर्षं उतरणीला लागली. काळा रंग अक्षरांमधून निघून गेला. सुतारपक्ष्याने माझ्या डाव्या खांद्यात तीन भोकं पाडली. कुणी माझ्यावर दुकानांचे चिकट कागद चिकटवले. फिती ऊन खाऊन पांढऱ्या पडल्या. फोटो काढणारे आता माझ्याकडे पाठ करून, हातातला फोन उंच धरून, आपलाच फोटो काढायचे. मी त्यात मागे धूसर कुठेतरी. तरी दीड तास मात्र वाचता यायचा. इल-बेने तो खोल कोरला होता.

बानामवालीचे गुडघे गेले. स्टुलावरून उठताना ती माझ्या खांबाला धरायची. आधी छत्री, मग हात, मग सगळं वजन. तिची मुलगी बोराम समुद्राकाठच्या शहरात राहते. तिने आईला दवाखान्यात नेलं आणि गुडघे बदलून घेतले. बारा दिवस ते स्टूल रिकामं होतं. मला वाटलं, चला, आता कुणी मध्ये बोलणार नाही.

त्या बारा दिवसांतल्या नवव्या दिवशी दोघी बहिणी आल्या.

साठीच्या पुढच्या. बूट नवे, दुकानाचा वास न गेलेले. धाकटीच्या पिशवीत समुद्रशेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या गुंडाळ्या होत्या. ऑक्टोबर सरत आला होता, मेपलची पानं लाल झाली होती. पुलावरच्या घड्याळात दोन वाजत होते.

"दीड तास म्हणजे साडेतीनला वर," थोरली म्हणाली. "पाचला खाली. सहाची बस आरामात मिळते."

"ताई, नक्की ना? ऊन किती कललंय बघ."

"अगं लिहिलंय की. कोरून लिहिलंय, तेही चेस्टनटवर. कोण खोटं कोरेल?"

मी त्यांना थांबवू शकले नाही. मला जेवढी अक्षरं येतात तेवढीच मी बोलू शकते, आणि ती अक्षरं म्हणत होती, जा. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या रिकाम्या स्टुलाकडे बघितलं आणि ती बाई तिथे असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

साडेचारला त्या अजून खोगीर खिंडीतच होत्या, शिखर डोक्यावर तसंच. परत फिरल्या तेव्हा पानांखालचा दगड दिसेना. थोरलीचा पाय घसरला आणि घोट्यात मोडला. सहाच्या बसचा चालक शहाणा. त्याने येताना दोघींना सोडलं होतं, म्हणून जाताना त्या नाहीत हे त्याने ओळखलं आणि गावात वर्दी दिली. बचाव करणारी माणसं दिवे घेऊन गेली आणि थोरलीला पाठीवर बांधून खाली घेऊन आली. माझ्यापाशी ते श्वास घ्यायला थांबले. तिने वाकून माझ्यावर तळहात ठेवला. तो बर्फासारखा गार होता.

"आम्हीच हळू चाललो गं," ती म्हणाली. "पाटीचं काय चुकलं?"

मित्रांनो, मला शिव्या दिल्या असत्या तर मी सहन केलं असतं. मी भांडले असते मनातल्या मनात. पण ती माझीच समजूत घालून गेली. त्या दिवसापासून माझ्या अंगावरचा दीड तास मला वाळवीसारखा पोखरू लागला.

तीन दिवसांनी बानामवाली काठी टेकत आली. तिला सगळं कळलं होतं. तिने निखारे पेटवले नाहीत. प्रमुख पुलावरून येताना दिसला, तशी ती बसल्या जागेवरून म्हणाली, "भावजी, बोराम मला कायमचं न्यायला म्हणते. घरात पायऱ्या नाहीत, जमीन उबदार आहे. पण ही पाटी खरं बोलेपर्यंत मी हलत नाही. नवे गुडघे इथेच जुने करीन."

"वहिनी, डॉक्टरांनी गुडघे बदलले, जीभ तशीच ठेवली होय?"

"रोज वापरातली आहे. तिला काय झालंय?"

प्रमुख हसला नाही. दोघी बहिणींची बातमी पेपरात आली होती आणि तिच्यासोबत माझा फोटोही. माझा एवढा मोठा फोटो आधी कधी आला नव्हता.

महिन्याभरात उद्यान कार्यालयाने एक मुलगी पाठवली. ओक हे-रिम तिचं नाव. डोंगरवाटांच्या पाट्या तयार करणं हे तिचं काम, आणि हे तिचं पहिलंच. मला काढून नवी पाटी लावायची होती. तिने काय करावं? निळी चिकटपट्टी काढली आणि माझ्या तोंडावर सरळ एक मोठा कागद चिकटवला. मला विचारलं नाही, की खांदा दुखतो का. मग दहा पावलांवर बसून ती हातातल्या घड्याळात बघू लागली.

बानामवालीने एक कणीस भाजून होईस्तोवर दम धरला. तिच्या मानाने तो फार वेळ होता.

"पोरी, काय मोजतेस?"

"माणसं किती वेळ थांबून वाचतात ते, आजी. आधी कागदावर लावून बघायचं, मग पक्की पाटी करायची."

"मग? किती?"

हे-रिम ओशाळली. "चार सेकंद."

"आणि तू लिहिलंयस किती?"

तिने पुष्कळ लिहिलं होतं. खडक किती कोटी वर्षांचा, फुलं कुठली, अस्वल दिसलं तर काय करावं, चौदा गोष्टींना मनाई, प्रत्येकीवर लाल फुली. बानामवालीने काठीच्या टोकाने तो कागद वरपासून खालपर्यंत मोजला.

"इथे माणूस वाचायला येत नाही, चढायला येतो. चार सेकंदांत त्याला काय हवं ते बघ. मी सांगते. संडास कुठे, वर किती वेळ, शेवटची बस केव्हा. खडकाचं वय त्याला परतताना सांग. तेव्हा तो बसलेला असतो आणि त्याला ऐकून घ्यावंच लागतं."

पुढच्या रविवारी हे-रिमने दुसरा कागद आणला. या वेळी शब्द थोडे आणि मोठा नकाशा. नकाशा सुबक होता. पण माणसं त्याच्यापुढे उभी राहायची, मान वाकडी करायची आणि पुलाकडे परत फिरायची. एक जोडपं तर गावातल्या कोबीच्या शेतात जाऊन उभं राहिलं.

"उत्तर वर असते नकाशात," हे-रिम म्हणाली. "नियमच आहे तसा."

"कुणाचा नियम? डोंगर माझ्या नाकासमोर आहे आणि तू तो माझ्या पायाशी काढलायस." बानामवालीने कागद सोडवला, उलटा केला आणि पुन्हा माझ्या तोंडावर दाबला. "आता बघ."

सोतबोंग आमच्या दक्षिणेला आहे. कागद उलटा झाला तेव्हा नकाशातला डोंगर डोंगराच्या जागी गेला. हे-रिम तिथेच मांडी घालून बसली आणि वहीत लिहू लागली. मला ती मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा बरी वाटली. आपली चूक लिहून ठेवणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

राहिला तास. यंत्राने वाटेची लांबी आणि चढ मोजून सांगितलं, दोन तास दहा मिनिटं.

"यंत्राला तहान लागते?" बानामवालीने विचारलं. "बुटात खडा जातो त्याच्या?"

प्रमुख म्हणाला, "दीडच लिहायचा. गावाची ओळख आहे ती. दोराजीवाले काय म्हणतील?"

हे-रिम वयाने लहान, पण तिला माणसं कळत होती. "मग प्रमुख, तुम्हीच एकदा चालून दाखवा. मी घड्याळ घेऊन मागून येते. जो वेळ निघेल तो लिहू."

अडुसष्ट वर्षांच्या माणसाला सगळ्या गावासमोर नाही म्हणता आलं नाही. त्याने कोठारातून ती जुनी मोळीची चौकटसुद्धा काढून पाठीवर चढवली. सकाळी नऊला दोघं निघाले. गावातली माणसं पुलावर जमली. साडेदहा वाजले. शिखरावर निशाण दिसेना. अकरा वाजले. माणसं एकमेकांकडे बघेनात. मग एकेक करून चहाला गेली, आणि बानामवालीपाशी फक्त बोराम उरली, आईला न्यायला आलेली.

"आई, तुला याचं एवढं काय पडलंय? मका तू घरीही भाजशील."

"लोकांना वाटतं मी इथे मका विकायला बसते," बानामवाली म्हणाली. काठीने ती माती उकरत होती. "पाटी लावायच्या आधी आम्ही तिघं वर गेलो होतो. तू माझ्या पाठीला बांधलेली. तुझ्या बाबांनी वेळ मोजला. पावणेतीन तास. त्यांनी भावजींना जाऊन सांगितलं. भावजी म्हणाले, बाईमाणसाचा, पोर पाठीवर असलेला वेळ पाटीवर लिहायचा होय? तुझे बाबा भांडणारे नव्हते. ते घरी आले, पटाशी घेतली आणि सांगितलं तेवढं कोरलं. त्या दिवशी जेवले नाहीत. गेले त्याच्या आदल्या आठवड्यातसुद्धा म्हणाले, माझ्या हातून एकच खोटं काम झालं आणि तेच गावाच्या वेशीवर उभं आहे."

बोरामने आईच्या हातातली काठी काढून बाजूला ठेवली.

"सासरी आलेली बाई मी, प्यो घराण्याने लिहिलेलं खोडणार कशी? पण पाटीखाली बसायला मला कुणी मनाई केली नव्हती. त्यांच्या हातचं खोटं मी तोंडाने पुसत बसले. एवढंच."

मित्रांनो, मला माझा कर्ता आठवला. त्याची गोड पटाशी आठवली, आणि दीड कोरताना ती थोडी थांबली होती, हेही आठवलं. मी ते कौशल्य समजत होते.

शिखरावर निशाण हललं तेव्हा बाराला आठ मिनिटं होती. दोघं खाली आले ते दुपार कलल्यावर. प्रमुखाचा चेहरा राखेसारखा झाला होता. मोळीची चौकट हे-रिमच्या पाठीवर होती. सगळ्यांनी तिला विचारलं, किती? तिने वही मिटली. "प्रमुखांना विचारा," ती म्हणाली.

प्रमुख माझ्यासमोर आला.

"वहिनी, पाणी द्या."

तिने जवाचा चहा दिला. तो एका दमात प्यायला.

"इल-बे दादाने सांगितलं होतं मला," तो म्हणाला. "दोन तास बावन्न मिनिटं लागली. पाठीवर पोरही नव्हतं." मग त्याने हे-रिमच्या हातातला जाड काळा पेन घेतला, माझ्यावरचा कागद फाडून काढला आणि स्वतःच्या हाताने माझ्या दीड तासावर आडवी रेघ मारली. ती जरा वाकडी गेली. मला मात्र ती रेघ तेल लावल्यासारखी बरी वाटली.

पुढचंही सोपं नव्हतं. कार्यालयाला एकच आकडा हवा होता, आणि आजीचं बोलणं सरकारी पाटीवर शोभत नाही, असं तिथल्या साहेबांचं म्हणणं पडलं. हे-रिम दोनदा गेली आणि दोनदा लाल खुणा घेऊन आली. तिसऱ्यांदा प्रमुख सणाचा लांब अंगरखा घालून तिच्यासोबत गेला. तिथे तो काय बोलला ते मला ठाऊक नाही. पाटी मंजूर झाली.

नवी पाटी छान आहे. तिच्यावर डोंगर डोंगराच्या जागी आहे. मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "शिखर: सवयीच्या पायांना दोन तास, बाकीच्यांना तीन. उतरतानाही तेवढेच धरा." आणि खाली, "बारा वाजून गेले असतील तर आज झऱ्यापर्यंत जा. शिखर पळून जात नाही, शेवटची बस जाते." चार सेकंदांत वाचून होतं. हे-रिमने मोजलं.

मला काढलं तेव्हा कुणी म्हणालं, चुलीत घाला. प्रमुख म्हणाला, देवघराच्या झाडाचं लाकूड जाळायचं नाही. बानामवालीने सांगितलं, "बाक करा. एकतीस वर्षं हिच्याखाली बसले, आता हिच्यावर बसते." गावातल्या सुताराने रंधा चालवला. तिच्या सांगण्यावरून डोंगराचं नाव ठेवलं आणि दीड तास तेवढा तासून काढला. दुखलं थोडं. आता मी नव्या पाटीसमोर आडवी पडून असते. उभं राहून जे दिसलं नाही ते आडवं पडल्यावर दिसतं.

तुम्हाला एवढंच सांगते. वाटेवरच्या पाटीला खरवडू नका, तिच्यावर कागद चिकटवू नका, ती पुसट झाली तर कुणाला तरी कळवा. आणि उद्या तुमच्यावर पाटी लिहायची वेळ आली, तर लिहिण्याआधी तिथे जाऊन बसा. ज्यांचे पाय दुखतात त्यांना विचारा.

काल बोराम आईला घेऊन जायला आली. गाडी पुलापाशी उभी होती, सामान चढलेलं. बानामवाली शेवटची येऊन माझ्यावर बसली. स्टूल तिने प्रमुखाच्या बायकोला देऊन टाकलं होतं. तेवढ्यात एक जाडजूड गृहस्थ आले. पाटी वाचली. घड्याळ बघितलं. मग आपल्या बुटांकडे बघितलं. आणि शीळ घालत झऱ्याच्या वाटेला लागले. बानामवालीने तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. तिला सांगायला काही उरलं नव्हतं.

"बघितलंस?" ती म्हणाली. एकतीस वर्षांत ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

जुनं लाकूड करकरतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. मी करकरले, आणि मला जे म्हणायचं होतं ते सगळं त्यात मोठ्याने म्हणून टाकलं.

"बानामवाले, तू मला खोटी म्हणालीस, आणि मी खोटीच होते. खरी पाटी तू होतीस, मी नुसती तुझ्या नवऱ्याने घडवलेली फळी. त्याच्या हातचं खोटं आता कुठे उरलं नाही. ऊठ, लेक गाडी सुरू करून थांबली आहे, आणि तुझं वजनही काही कमी नाही."